माझे बावीस छेद सात

दरवर्षी चौदा मार्च आला की माझ्या पोटात दुखायला लागतं. औषधाने जाणारं दुखणं नव्हे. धाकटी जाऊ वरच्या मजल्यावर मजेत असली की खालच्या मजल्यावर मोठीच्या पोटात जे दुखतं, ते. ही गोष्ट मी आजवर कुणाजवळ कबूल केलेली नाही. नवऱ्याला ती न सांगता कळलेली आहे, पण तो दोन्ही मजल्यांवर जेवतो, त्यामुळे गप्प बसतो.

आमचं घर प्रताप नगरात. खाली आम्ही तिघं: मी, नवरा आणि आमची एकुलती एक मुलगी. वर दीर आणि जाऊ. मी एका मराठी शाळेत चोवीस वर्षं गणित शिकवते आहे. जाऊही गणितच शिकवते, पण वाडीकडच्या एका इंग्रजी शाळेत. ती रामटेककडची, धानाची शेती असलेल्या घरातली. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, बरं झालं, हाताखाली कुणीतरी आलं. माझे जुने पेपर वापरेल, मला विचारून शिकवेल. तिने दहा वर्षांत मला एकदाही काही विचारलेलं नाही. बोलायला गोड आहे. समोर आली की "ताई, ताई" करते. पण विचारत नाही. तिला मूलबाळ झालं नाही. त्याचं तिने कधी रडगाणं गायलं नाही, आणि आम्हीही विषय काढला नाही.

तर चौदा मार्च. वर्तुळ लहान असो की मोठं, त्याचा परीघ त्याच्या व्यासाच्या तीन पटीपेक्षा थोडा जास्त भरतो. किती जास्त, ते नेमकं कुणालाच पुरतं लिहिता येत नाही. त्या आकड्याला पाय म्हणतात. तीन पॉइंट एक चार एक पाच नऊ, आणि पुढे आकडे चालतच राहतात, ना संपतात, ना त्यांची रांग पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. शाळेत आपण तेवढ्या खोलात जात नाही. बावीस छेद सात घ्या आणि गणित सोडवा, असं सांगतो. मी चोवीस वर्षं तेच सांगत आले आहे. पण परदेशात महिना आधी लिहितात आणि तारीख मागून, म्हणून मार्चची चौदा तारीख म्हणजे तीन-चौदा, आणि तो पायचा दिवस. ही बातमी जावेने सहा वर्षांपूर्वी आमच्या घरात आणली.

पहिल्या वर्षी मला वाटलं, शाळेचं खूळ आहे, एकदा करेल आणि विसरेल. तिने कॉलनीतली पोरं गोळा केली. अट एकच: प्रत्येकाने घरून काहीतरी गोल खायचं आणायचं. आणि बरोबर एक वाजून एकोणसाठ मिनिटांनी, म्हणजे पायचे पुढचे तीन आकडे, तिने ताटलीवर चमचा वाजवला. मार्चातली दुपार, कूलर अजून माळ्यावरून उतरलेला नाही, आणि वरच्या हॉलमध्ये वीस पोरं घामाघूम होऊन दोऱ्याने साबुदाणा वडे मोजताहेत. काठावरून एक दोरा, मधून आडवा एक दोरा, मग पहिल्याला दुसऱ्याने भागायचं. ज्याचं उत्तर तीन पॉइंट एक चारच्या सगळ्यात जवळ येईल, त्याने पहिला घास घ्यायचा. कुणी पापड आणले, कुणी संत्र्याच्या चकत्या. एकीने जिलबी आणली तेव्हा व्यास कुठून धरायचा यावर अर्धा तास भांडण झालं. जावेने स्वतः गच्चीवर मडकं उपडं घालून त्यावर लंबी रोटी भाजली होती. ती रोटी इतकी मोठी की मोजायला दोरा कमी पडला आणि शेवटी माझ्या दिराचा पट्टा घ्यावा लागला.

मी खाली कपड्यांना इस्त्री करत होते. वरून हसण्याचा आवाज आला की इस्त्री जरा जोराने फिरत होती. नवऱ्याच्या एका शर्टाची कॉलर त्या दिवशी पिवळी झाली.

इथवर चाललं असतं. जावेची हौस, जावेचं घर. पण माझी मुलगी त्या हौसेत गेली, तिथे माझं बिनसलं.

मुलीला गणित मी शिकवायची. आमच्या स्वयंपाकघराशेजारी एक टेबल आहे, त्याला दोन खुर्च्या. एक माझी, एक तिची. चौथीपासून रोज संध्याकाळी आम्ही तिथे बसायचो. मी चांगली शिक्षिका आहे, हे मी नम्रता बाजूला ठेवून सांगते. शाळेत माझ्या वर्गातलं पोरगं सहसा गणितात नापास होत नाही. पण घरच्या मुलीपुढे माझा संयम का कोण जाणे, दहाव्या मिनिटाला संपायचा. भागाकार करताना ती बाकी लिहायला विसरायची. "बाकी लिही! बाकी कुठं गेली? बाकी काय हवेत उडाली?" असं म्हणत मी टेबलावर पेन्सिल आपटायची. सातवीत तिला आवर्ती दशांश शिकवला तेव्हा तर मी एकच वाक्य दोनशे वेळा म्हटलं असेल: "बाकी पुन्हा तीच आली की पुढं तेच ते येणार. तिथं गोल कर आणि थांब." ती गोल करायची आणि वहीवर टपकन थेंब पडायचा. मी म्हणायची, रडून गणित सुटत नाही.

आठवीच्या सहामाहीत तिला शंभरातले एक्केचाळीस मिळाले. गणिताच्या बाईच्या मुलीला एक्केचाळीस. त्या संध्याकाळी ती वह्या घेऊन जिन्याकडे निघाली.

"कुठं चालली?"

"काकूकडं. मी आजपासून तिथंच बसते."

"काहून? इथं काय झालं?"

"इथं भीती वाटते," ती म्हणाली आणि वर गेली. रागाने म्हणाली असती तर मी चार शब्द ऐकवले असते. ती अगदी साधेपणाने म्हणाली.

तेव्हापासून ती दुसरी खुर्ची रिकामी आहे. तिच्यावर नवऱ्याचं वर्तमानपत्र असतं. मुलीने पुन्हा त्या खुर्चीत येऊन बसावं, एवढंच मला हवं होतं. बाकी मी जे जे केलं, ते त्या खुर्चीसाठी केलं. ते किती वेडेपणाने केलं, ते पुढे येईलच.

नववीच्या पहिल्या परीक्षेत तिला अठ्ठ्याहत्तर मिळाले. नवरा पेढे घेऊन आला आणि आधी वर गेला. मग खाली येऊन मला एक दिला. पेढा कडू लागला वगैरे मी लिहिणार नाही. चांगला गोड होता, म्हणून तर जास्त राग आला. मनात एक वाईट वाक्य आलं, तेही लिहून टाकते: स्वतःचं नाही, म्हणून माझं घेऊन राहिली.

गेल्या वर्षीच्या चौदा मार्चला मी दहावीच्या पेपरवर सुपरव्हिजन करून तीन वाजता घरी आले. पाय भरून आलेले, डोकं तापलेलं. वर पायचा दिवस रंगात आला होता, आणि का कोण जाणे, मी पर्स हातात घेऊन तशीच जिना चढले. दारातून आत गेले नाही, उंबऱ्यावर उभी राहिले. पोरं जमिनीवर गोल करून बसली होती. मध्ये माझी मुलगी उभी होती आणि पायचे आकडे म्हणत होती. काकू मांडीवर ताल धरत होती आणि मुलगी त्या तालात म्हणत होती, एक चार एक पाच नऊ दोन सहा पाच, डोळे मिटून, मान हलवून. साठ झाले, ऐंशी झाले. शंभर झाले तेव्हा पोरांनी आरडाओरडा केला.

पोरीला न्यायला आलेली एक शेजारीण म्हणाली, "काकूनं चांगली तयार केली वं पोरगी!"

मुलीने हसून मान डोलावली. मी दारात उभी होते. तिने मला पाहिलं नव्हतं, हे मला नंतर समजलं. तेव्हा मला वाटलं, पाहूनच डोलावली.

मी तिथूनच म्हणाले, "आपल्याकडं तारीख आधी लिहितात आणि महिना नंतर. आज चौदा-तीन आहे, तीन-चौदा नाही. कशाचा दिवस साजरा करून राहिल्या तुम्ही?"

 मुलीचे कान लाल झाले. पुढचं वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, पण माझ्या आधी जाऊच बोलली, आणि तीही खूश होऊन.

"अगदी बरोबर बोलल्या ताई. आपल्या हिशेबानं तर बावीस-सात पाहिजे. बावीस छेद सात! बावीस जुलै हा आपला पायचा दिवस. तुम्ही करा ना ताई, खाली. आम्ही सारे येतो."

मी काय म्हणणार होते, तेच तिने म्हटलं. माझ्या तोंडातला घास काढून मलाच भरवला. मी "बघू" म्हणून खाली आले आणि दारामागे उभी राहून पाच मिनिटं जळफळत होते. नवरा म्हणाला, "तिनं तुले मोठेपणा दिला वं, त्यात रागवण्यासारखं काय आहे?" मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळणार." त्याला खरंच कळलं नाही.

जूनमध्ये वटपौर्णिमा आली. आमच्या कॉलनीच्या मैदानात मारुतीच्या देवळामागे वड आहे, तिथे आम्ही सगळ्या जातो. जाऊ सुतळीचा एक बंडल घेऊन आली. पूजेचा दोरा सोडायचा नसतो, म्हणून तिने पूजा झाल्यावर सुतळीने वेगळ्या सात फेऱ्या घेतल्या आणि सुतळी तिथे कापली. मग दोन बायांना खोडाच्या दोन बाजूंना एकेक काठी धरून उभं केलं, काठ्यांमधलं अंतर, म्हणजे खोडाची जाडी, दुसऱ्या दोरीवर मोजून घेतलं, आणि सात फेऱ्यांची सुतळी मैदानात सरळ पसरून ती त्या दोरीने मोजायला लागली. उपाशी बाया, डोक्यावर पदर, ऊन चढलेलं, आणि सगळ्या एका सुरात मोजताहेत: एकोणीस, वीस, एकवीस, बावीस! सुतळीचं जेमतेम वीतभर टोक उरलं.

"पाहा," जाऊ म्हणाली, "सात फेऱ्या म्हणजे बावीस खोडं. आपल्या आज्या-पणज्या वडाला बावीस छेद सातच बांधून राहिल्या होत्या. हे आमच्या ताईंचं गणित हाय, बरं का!"

"सात जन्मांचे बावीस काहून झाले वं?" एका म्हातारीने विचारलं.

"सात जन्म सोबत राहायचं आणि बावीस वेळा भांडायचं, म्हणून."

बाया इतक्या हसल्या की एकीला ठसका लागला. मीही हसले, न हसून कसं चालेल? पण आतून मी कोळसा झाले होते. चोवीस वर्षं मी फळ्यावर बावीस छेद सात लिहिते आहे. पंचवीसेक वर्षं त्याच वडाला सात फेऱ्या घालते आहे. हे मला का सुचलं नाही? आणि सुचलं ते तिला सुचावं, आणि वर तिने ते माझ्या नावाने वाटून टाकावं? मुलगी माझ्याजवळ उभी होती. ती काकूकडे बघत होती.

त्याच संध्याकाळी मी ठरवलं. बावीस जुलै करायचा, आणि असा करायचा की मुलीने बघत राहावं.

मी लपून पायचे आकडे पाठ करायला घेतले. खरे, न संपणारे. पन्नास तरी यायलाच हवेत. स्टाफरूममध्ये पेपर तपासायचं नाटक करत, सिग्नलला गाडीवर हेल्मेटच्या आत पुटपुटत, भाजी निवडताना. या वयात पाठांतर सोपं नसतं. सतरापर्यंत जायची आणि घसरायची. एकदा वर्गात फळ्यावर बावीस छेद सात लिहिताना माझा हात थांबला. हे लिहिणं मला एकदम गावठी वाटलं. एवढी मी बदलले होते. आता सांगताना लाज वाटते, पण त्या महिन्यात मला माझ्या स्वतःच्या गणिताचीच लाज वाटत होती.

बावीस जुलैला पाऊस भुरभुरत होता. संध्याकाळी पाच वाजता मी समोरच्या खोलीत सतरंजी घातली, फळा टांगला आणि त्यावर सात वर्तुळांची गणितं लिहिली. गणितं झाल्याशिवाय खाणं नाही, असंही लिहिलं. अकरा पोरं आली. त्यातली चार आयांनी ढकलून पाठवलेली दिसत होती. जाऊ भज्यांचं भलंमोठं भांडं घेऊन आली, फळ्यावरची सूचना वाचली आणि भांड्यावर झाकण ठेवून मुकाट्याने पोरांमध्ये जाऊन बसली. तिनेही वही काढून सातही गणितं सोडवली. कुणी हसत नव्हतं. भज्यांचा वास पसरत होता आणि पोरं झाकणाकडे बघत त्रिज्येचा वर्ग करत होती.

मुलगी सगळ्यात शेवटी आली. दाराजवळ बसली. तिच्या हातात एक घडी घातलेला कागद होता.

गणितं झाल्यावर मी उभी राहिले आणि म्हटलं, "आता आकडे. आधी मी म्हणते." आणि मी म्हटले. पन्नास, एकही न चुकता.  पोरांनी आधी काकूकडे पाहिलं, तिने टाळ्या वाजवल्या, मग पोरांनी वाजवल्या. मुलगी माझ्याकडे बघत होती, तोंड जरासं उघडं. मला वाटलं, जिंकलं. आता ती खुर्ची भरली.

"आता कोण?" मी विचारलं. खरे आकडे छापलेला कागद माझ्या हातात होता, परीक्षक मीच.

मुलीने माझ्या कागदाकडे पाहिलं. मग आपल्या हातातल्या कागदाची अजून एक घडी घालून उभी राहिली.

"मी म्हणते." तिने घसा साफ केला. "तीन पॉइंट एक, चार, दोन..."

"चूक!"

मी किती जोरात ओरडले, ते मला पोरांच्या दचकण्यावरून कळलं. आणि त्या क्षणी मला काय वाटलं, तेही लिहायलाच हवं, नाहीतर हे लिहिण्यात अर्थ नाही. मला आनंद झाला. शंभर आकडे तालात म्हणणारी काकूची विद्यार्थिनी माझ्या घरात तिसऱ्याच घराला चुकली, याचा आनंद. माझ्या पोटच्या मुलीच्या चुकीचा.

"आई, थांब ना, ऐक तर..."

"काय ऐकू? तिसऱ्या घरातच चुकली. दोन नाही, एक आहे तिथं. चौदानंतर एक. बस खाली."

ती बसली नाही. उभ्या उभ्या सगळ्यांकडे एकदा पाहिलं, चप्पल घातली आणि जिना चढून वर गेली. जावेचं तोंड काहीतरी बोलायला उघडलं आणि मिटलं. मग तिने भज्यांचं झाकण काढलं आणि पोरं तुटून पडली.

पोरं गेल्यावर मी सतरंजी गोळा करत होते, तेव्हा दाराजवळ तो कागद सापडला. चौपदरी घडी. उघडला तर आत भागाकार होता. बावीस भागिले सात. माझ्या पद्धतीने, जसा मी तिला शिकवला होता तसा, एकाखाली एक. भाग तीन, बाकी एक. मग शून्य उतरवून दहा, भाग एक, बाकी तीन. मग बाकी दोन, बाकी सहा, बाकी चार, बाकी पाच. एकही बाकी सुटली नव्हती. आणि पुन्हा बाकी एक आली तिथे तिने लाल पेनाने गोल केला होता. उत्तर खाली ठळक लिहिलेलं: तीन पॉइंट एक चार दोन आठ पाच सात, एक चार दोन आठ पाच सात, एक चार दोन आठ पाच सात. कागदाच्या डोक्यावर लिहिलं होतं, "आईचा पाय".

मी सतरंजीवर बसले.

ती चुकली नव्हती. तिने काकूचे आकडे म्हटलेच नव्हते. बावीस जुलैला, बावीस छेद सातच्या दिवशी, ती बावीस छेद सात म्हणायला आली होती. आणि मी तिच्यासमोर काकूचे पन्नास आकडे घोकून उभी राहिले होते.

जाऊ भांडी उचलायला आली. कागद माझ्या हातात बघून थांबली.

"चार दिवसांपासून करून राहिली होती ताई ती. मले दाखवलंही नाही. मी म्हटलं, दाखव, तपासून देतो. तर म्हणे, नको, हे आईचं हाये."

"मग तू बोलली काहून नाही वं तेव्हाच? तुला तर कळलं होतं ना?"

"दुसऱ्या आकड्यालाच कळलं असतं तर हात वर केला असता. तिसऱ्याले कळलं, तोवर तुम्ही बोलून बसल्या होत्या." तिने भांडं कडेवर घेतलं. "पोरांसमोर तुमाले कसं टोकू? तुम्ही मोठ्या."

जिने आमच्या घरातली एकही रीत धड पाळली नाही, तिने नेमकी हीच पाळली. मोठीला चारचौघांत खोडायचं नाही. त्याचाही मला क्षणभर राग आला. मग राग आणायलाही काही उरलं नाही.

मी जिना चढले. दहा वर्षांत जावेच्या स्वयंपाकघरात मी कधी बसले नव्हते. मोठीने वर जायचं नाही, धाकटीने खाली यायचं, हे माझं मीच ठरवलेलं. मुलगी ओट्याशेजारच्या टेबलाशी बसली होती. डोळे सुजलेले. समोर वही नव्हती, काही नव्हतं. मी कागद टेबलावर ठेवला आणि गुळगुळीत केला.

"मी चुकले," मी म्हटलं.

"तू कुठं चुकली? खरा पाय तोच हाये, तू म्हटला तो." ती माझ्याकडे बघत नव्हती. "छान म्हटला तू. काकूसारखा."

हे शेवटचं तिने टोचायला म्हटलं नव्हतं. पण टोचलं ते टोचलंच.

 पोरांना काही येत नसलं की मी वर्गात जे करते, तेच केलं. अर्धं म्हणून सोडून दिलं.

"तीन पॉइंट एक," मी म्हटलं. "चार. दोन."

 जाऊ मागून आली होती, दारात थांबली. खाली रस्त्यावर भाजीवाला ओरडून गेला.

"आठ," मुलगी म्हणाली.

"पाच."

"सात."

"एक."

"चार." असे आम्ही तीन फेरे केले. चौथ्यात ती माझ्या आधी म्हणायला लागली, मग एकदम थांबली आणि नाक पुसत म्हणाली, "तुझं तेच तेच येते आई. संपतही नाही आणि बदलतही नाही. बाकी लिही, बाकी लिही."

 खरं होतं.

"पण काकूचा पाय मले पाठ करावा लागते," ती म्हणाली. "तुझा नाही करावा लागत. तुझा येते."

मी दाराकडे पाहिलं. जाऊ तशीच उभी होती, भजी संपलेलं भांडं हातात. ती हसत होती, पण तिच्या चेहऱ्यावर हसण्याच्या खाली एक काहीतरी आलं होतं. ते मी लगेच ओळखलं. सहा वर्षं दर चौदा मार्चला मी ते आरशात पाहते. मला आनंद झाला. मग वाईट वाटलं. पण क्रम हाच होता.

"ताई, चहा टाकू?" ती म्हणाली. 

"तू बस इथं," मी म्हटलं. "सकाळपासून उभी आहेस. मी टाकते."

ती मुलीच्या शेजारच्या खुर्चीत बसली. मी पातेलं घेतलं, पाणी ठेवलं, गॅस पेटवला. चहापत्तीचा डबा कुठे असतो, ते मला माहीत नव्हतं. मी दोन फळ्या शोधल्या, तीन डबे उघडून बघितले. एकात हळद, एकात साखर, एकात सुतळी. मुलगी उठली आणि न बघता वरच्या फळीवर हात घालून डबा काढून माझ्या हातात दिला.